साल टाकू नका, पाक ओतू नका

गुलाबजाम संपतात, पाक उरतो. आमच्याकडं दर दिवाळीला हेच. दीड-दोन वाट्या पाक स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात जायचा, तुळशीच्या लग्नापर्यंत तिथंच बसायचा, मग कुणीतरी झाकण उघडून वास घ्यायचं आणि तो मोरीत ओतला जायचा. त्याच दिवसांत बाजारात नागपुरी संत्री यायला लागतात. पोरं दिवसाला किलोभर फस्त करतात आणि सालं केराच्या बादलीत. या दोन गोष्टींची गाठ घालून द्यायची, म्हणजे उरलेल्या पाकात सालं मुरवायची अक्कल मला लग्नानंतर सहा वर्षांनी आली, तीही तीन वेळा कडूजहर ऐवज करून टाकून दिल्यावर.

तुमचे ते तीन घाणे वाचावेत म्हणून सगळं क्रमानं लिहिते. माझं माहेर खानापूरकडं, सासर बेळगावात शहापूरला. शेजारी मूळच्या म्हैसूरकडच्या अक्का. त्यामुळं खाली जे आहे त्यातलं थोडं माहेरच्या परड्यातलं, थोडं अक्कांचं आणि बरंचसं स्वतः हात पोळून शिकलेलं.

एक अट मात्र आधीच सांगते. या उद्योगासाठी नवी साखर विकत आणणार असाल तर करू नका. उरलेलं संपवण्यासाठी हे आहे. त्यावर वेगळा खर्च करायचा तर दुकानातली टुटीफ्रुटी स्वस्त पडते.

आधी हे जवळ ठेवा

- जाड बुडाचं स्टीलचं पातेलं. ॲल्युमिनियमचं नको, बिनकल्हईचं पितळी तर नकोच. आंबट पदार्थ त्यात कळकतो.
- चाळण, आणि जुन्या धोतराचं किंवा पंचाचं धुतलेलं सुती कापड
- धारदार सुरी आणि एक चमचा (साल खरवडायला)
- पाव किलो सालं. नागपुरी संत्री असतील तर आठ-दहा फळांची एवढी भरतात.
- उरलेला पाक, सालं बुडतील इतका
- दोन लिंबं, मीठ, खायचा सोडा
- कोरड्या काचेच्या बरण्या, आणि तारीख लिहायला कागदी चिकटपट्टी

चिकटपट्टीला हसू नका. फ्रीजमधल्या तीन तपकिरी बरण्यांपैकी कुठली चिंचेची, कुठली पाकाची, हे पंधरा दिवसांनी कुणालाही सांगता येत नाही.

१. साल ओळखा

सगळी सालं सारखी नसतात. इथंच पहिल्यांदा करणारे चुकतात.

नागपुरी संत्र्याची साल पातळ, सैल, वास भरपूर, पांढरा भाग नावाला. गोज्जूला (चिंच-गुळातलं कानडी कालवण, आठव्या पायरीत येतं) आणि वाळवून पूड करायला ही उत्तम. पाकात मुरवायलाही चालते, फक्त फार शिजली तर चिंधी होते.

मोसंबीची साल जाड आणि घट्ट. पाकात मुरवायला माझी पहिली पसंती हिलाच. पपनसाची त्याहून जाड. आतला पांढरा भाग कापसाच्या गादीसारखा. त्याचा कडूपणा जायला वेळ लागतो, पण गेला की असा मऊ तुकडा दुसऱ्या कशाचा होत नाही.

लिंबाची साल पाकात घालू नका. पिळलेल्या लिंबाच्या फोडी मिठातच शोभतात. आपल्याकडं बाजारात विजापूरकडच्या इंडीचं लिंबू येतं, भौगोलिक मानांकन मिळालेलं. त्याच्या फोडींचं काय करायचं ते सातव्या पायरीत सांगते.

ईडलिंबू आणि म्हाळुंग ही तर सालीचीच फळं. म्हाळुंग कापलं तर आत रस चमचाभर आणि भोवती बोटभर जाड साल. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते हेच. देवीनं हातात धरलेल्या फळाची साल आपण फेकतो, असं आमच्या सासूबाई म्हणतात. कुणाच्या परड्यात झाड असेल तर मागून घ्या, बाजारात क्वचित दिसतं.

सावध राहा: जे फळ आरशासारखं चकचकीत दिसतं त्यावर बहुतेक मेणाचा थर असतो. किन्नू आणि परदेशी संत्री अशी असतात. टिकावीत म्हणून त्यांच्या सालीवर बुरशीनाशकही मारलेलं असू शकतं आणि ते धुतल्यानं पुरतं जात नाही. ती सालं खाण्यात घेऊ नका. नवव्या पायरीसाठी बाजूला ठेवा.

दुसरा सापळा फुकटच्या सालींचा. एकदा मी एका रसवाल्याकडून पिशवीभर मोसंबीची सालं मागून आणली. घरी येऊन बघते तर धुळीत, माशांत आणि बर्फाच्या पाण्यात दिवसभर पडलेली. धुवून धुवून कंटाळले आणि शेवटी खड्ड्यात टाकली. स्वतःच्या घरी सोललेली साल तेवढी वापरा.

२. आधी धुवा, मग सोला

साल काढल्यावर धुण्यात अर्थ नाही, कारण आतला भाग पाणी पितो. फळ अख्खं असतानाच कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पाच मिनिटं ठेवा, हातानं किंवा नारळाच्या शेंडीनं चोळा, साध्या पाण्यानं धुवा, पुसा.

रोज दोन-तीन फळांची साल निघते, पाव किलो एकदम नाही. म्हणून ती डब्यात घालून बर्फाच्या कप्प्यात साठवा. गोठल्यानं बिघडत तर नाहीच, उलट लवकर मऊ शिजते. बाहेर ताटलीत ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी वळून कडक होते आणि तिसऱ्या दिवशी भुरी धरते.

३. पाकाची परीक्षा

डबा उघडा आणि आधी वास घ्या. आंबूस, दारूसारखा वास, बारीक बुडबुडे, वर पांढरी साय यांपैकी काहीही दिसलं तर तो पाक खाण्यातून बाद. उकळून चालेल का, असं मला दर वेळी कुणीतरी विचारतं. उकळल्यानं बुडबुडे थांबतात, चव सुधारत नाही. तो बाटलीत भरून नवव्या पायरीची वाट बघा.

वास चांगला असेल तर पुढं चला. प्रत्येक पाकाचा स्वभाव वेगळा.

गुलाबजामचा पाक पातळ असतो, नुसता चिकट, तार नसते. सालींना पहिल्या दिवशी असाच पातळ पाक लागतो, त्यामुळं हा जसाच्या तसा चालतो. अडचण तुपाची आणि खव्याच्या कणांची. डबा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. तूप वर थिजतं, ते चमच्यानं काढा. मग पाक कोमट करून कापडातून गाळा. तरी गढूळ वाटला तर उकळताना चमचाभर दूध घाला. मळी वर येते, ती झाऱ्यानं काढून टाका. आपल्या आज्या पाकाची मळी अशीच काढायच्या.

बालुशाहीचा, चिरोट्यांचा पाक एकतारी किंवा दोनतारी. त्यात निम्मं पाणी घालून सैल करा.

जिलबीच्या पाकात आंबलेल्या पिठाचा चुरा असतो. गाळून घ्या आणि त्याच आठवड्यात संपवा.

साखर धरलेला पाक वाया गेलेला नाही. बुडाशी खडे जमले असतील तर अर्धी वाटी पाणी घालून मंद आंचेवर विरघळवा, वर लिंबाचे सात-आठ थेंब. लिंबाच्या आंबटपणानं साखर थोडी फुटते आणि पुन्हा खडे धरायचं विसरते.

गुलाबपाणी घातलेला पाक असेल तर माझं ऐका, सालीला वापरू नका. गुलाब आणि संत्रं तोंडात भांडतात. वेलची चालते, केशर तर धावतं. गुलाबाचा पाक शंकरपाळ्यांना ठेवा: पाऊण वाटी पाक, पाव वाटी कडकडीत तूप आणि मावेल तेवढा मैदा, साधारण दोन वाट्या. घट्ट मळून अर्धा तास झाका, मंद आंचेवर तळा. पाकाच्या शंकरपाळ्या साखरेच्या शंकरपाळ्यांपेक्षा लवकर रंग घेतात, कढईसमोरून हलू नका. तूप जास्त झालं तर तेलात विरघळतात, म्हणून आधी एकच टाकून बघा.

४. कडूपणा काढा

माझे तीन घाणे इथंच गेले. वास असतो रंगीत भागात आणि कडूपणा मुख्यतः पांढऱ्यात. पांढरं सगळं खरवडून काढायचं का? नाही. पाक धरून ठेवतं ते पांढरंच. नुसती रंगीत साल पाकात घातली तर तिचा चामड्याचा पट्टा होतो. पातळ थर राहू द्या. पपनसाचा मात्र अर्धा तरी काढा.

सालीच्या बोटाएवढ्या लांब, अर्ध्या बोटाएवढ्या रुंद पट्ट्या कापा. गार पाण्यात घालून उकळी आणा, दहा मिनिटं उकळू द्या, पाणी फेका. पुन्हा नवं गार पाणी, पुन्हा उकळी. असं संत्र्याला दोनदा, मोसंबीला तीनदा. पपनसाला चारदा, शिवाय आदल्या रात्री मिठाच्या पाण्यात भिजवणं.

पाणी बदलायचा कंटाळा करून एकदाच अर्धा तास उकळलं तर? तेच कडू पाणी साल परत पिते. मी केलंय.

शेवटच्या पाण्यातली एक पट्टी चावून बघा. किंचित कडसर लागली तर ठीक, तेवढं हवंच. चेहरा वाकडा झाला तर आणखी एक पाणी. आणि पाकात घालायच्या आधी पट्टी नखानं सहज तुटायला हवी, कारण साखरेत गेल्यावर साल आणखी मऊ होत नाही. जशी असेल तशीच राहते.

५. पाकात मुरवा: तीन दिवसांचं काम, रोज वीस मिनिटं

*पहिला दिवस.* निथळलेल्या पट्ट्या पातेल्यात घ्या, बुडतील इतका पातळ पाक ओता. कमी पडला तर त्यात समान मापानं साखर-पाणी घाला, तेवढ्यापुरती घरच्या डब्यातली साखर माफ. अर्ध्या लिंबाचा रस. मंद आंचेवर दहा मिनिटं. पाक फक्त हसला पाहिजे, खदखदायला नको. बंद करा, झाकण ठेवा, रात्रभर विसरून जा.

*दुसरा दिवस.* सालीतून पाणी सुटल्यानं पाक सैल झालेला असेल. पुन्हा मंद आंचेवर पंधरा मिनिटं, पुन्हा रात्रभर.

*तिसरा दिवस.* आता पट्ट्या काचेसारख्या दिसायला लागतात, पलीकडचा उजेड दिसतो. पाक एकतारी होईपर्यंत आटवा. थेंब बोटात धरून ओढला की एक तार निघाली पाहिजे. गरम असतानाच पट्ट्या चाळणीवर काढा आणि खाली भांडं ठेवा, निथळलेला पाक गोळा व्हायला हवा.

घाई करून पहिल्याच दिवशी दाट पाकात घातल्या तर साखर आत शिरायच्या आधी सालीतलं पाणी बाहेर ओढून घेते. पट्ट्या आक्रसतात, कडक होतात आणि मग काही केल्या फुगत नाहीत.

ढवळत बसू नका. पातेलं हलवा, चमचा नको. कडेला साखरेचे कण दिसले तर ओल्या कापडानं पुसा. एक कण पाकात पडला की बाकीची साखर त्याच्या मागं लागते.

थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी पाककृतींत कुणी लिहीत नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. इथं पाणी शंभरला नाही, साडेसत्त्याण्णव अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतं. किनाऱ्यावर बसून लिहिलेल्या पाककृतीत १०५ अंशांवर पाक काढा असं असेल, तर आपल्याकडं तेवढाच दाटपणा १०२-१०३ लाच येतो. काटा १०५ ला जायची वाट बघितलीत तर पाक पुढं गेलेला असतो. साधा उपाय: आधी नुसतं पाणी उकळून काटा कुठं थांबतो ते बघा, आणि पाककृतीतल्या आकड्यातून तेवढा फरक वजा करा. नाहीतर बोटांवर भरवसा ठेवा. तार उंची विचारत नाही.

निथळलेल्या पट्ट्या जाळीवर किंवा ताटावर पसरून पंख्याखाली एक-दोन दिवस ठेवा. हाताला किंचित चिकटतील पण एकमेकींना नाही, अशा झाल्या की पिठीसाखरेत घोळवा. थंडीत हे दीड दिवसात होतं. जून ते सप्टेंबर नाद करू नका. बेळगावच्या पावसात पापड सादळतात, खानापूरच्या पावसात तर भिंती सादळतात. साखरेत घोळवलेली साल पाणी सोडून बसते.

नव्या साखरेच्या स्वच्छ पाकातल्या पट्ट्या कोरड्या बरणीत दोनेक महिने राहतात. गुलाबजामच्या पाकातल्या मात्र फ्रीजमध्येच ठेवा आणि तीन आठवड्यांत संपवा, कितीही गाळला तरी दुधाचा अंश राहतो.

कुठं वापराल? केकमध्ये टुटीफ्रुटीच्या जागी, शिऱ्यात, पाडव्याच्या श्रीखंडात बारीक चिरून. डिंकाच्या लाडवात चार तुकडे छान लागतात. कुंद्यात, म्हणजे आमच्या बेळगावच्या दुधाच्या मिठाईत, घालू नका. मी घातले होते. सासूबाईंनी एक घास खाल्ला, वाटी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "कुंदा बिघडवायला पण कला लागते."

६. आता जो पाक उरला तो

पाक संपवायला निघालो आणि पुन्हा पाक उरला, असं तुम्ही म्हणाल. पण हा पाक वेगळा. आता तो संत्र्याच्या वासाचा, मधाच्या रंगाचा, किंचित कडसर. मला तर पट्ट्यांपेक्षा हाच आवडतो. गाळून, एक उकळी देऊन बाटलीत भरा, फ्रीजमध्ये ठेवा.

दोन चमचे पाक, अर्धं लिंबू, चिमूट मीठ, गार पाणी: झालं सरबत. मार्चमध्ये लिंबू महाग झालं की हा पाक निम्म्या लिंबाचं काम करतो. कोऱ्या चहात साखरेऐवजी चमचाभर घाला. शिऱ्यात साखर पाव वाटीनं कमी करून तेवढा पाक. नारळी भातालाही चालतो.

दुधाच्या कशातही घालू नका. त्यात लिंबू आहे. माझी शेवयांची खीर पाहुण्यांसमोर फाटली होती.

७. लिंबाच्या पिळलेल्या फोडी

यात फार अवघड काही नाही. पिळलेल्या फोडी रोज एका बरणीत टाका, प्रत्येक वेळी वर मीठ. पाव किलो फोडींना साठ ग्रॅमच्या आसपास मीठ बसतं. बरणी भरत आली की एका लिंबाचा रस वरून घाला म्हणजे ओलावा राहतो, आणि तीन आठवडे उन्हात ठेवा, रोज हलवा. फोडी तपकिरी, मऊ झाल्या की चमचाभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, लाल तिखट आणि पाऊण वाटी दाट उरलेला पाक. हे गोड लोणचं उपासाला चालतं.

घाई असेल तर फोडी मीठ लावून कुकरमध्ये दोन शिट्ट्या द्या. लगेच मऊ होतात. चव उन्हातल्या लोणच्याची येत नाही, हे आधीच कबूल करते.

झाकण लोखंडी असेल तर मध्ये कागद नको, बरणीच बदला. मीठ आणि लिंबू मिळून झाकण खातात आणि गंज लोणच्यात पडतो.

८. अक्कांचा गोज्जू

कर्नाटकात संत्र्याच्या सालीचा गोज्जू करतात, हे मला बेळगावात राहूनही माहीत नव्हतं. एकदा अक्का आल्या, मी सालं टाकत होते. "अय्यो, सिप्पे टाकू नकोस ग," म्हणाल्या आणि पदर खोचून माझ्याच ओट्याशी उभ्या राहिल्या. सिप्पे म्हणजे साल.

लागतं ते असं: दोन नागपुरी संत्र्यांची साल अगदी बारीक चिरून, लिंबाएवढी चिंच भिजवून तिचा कोळ, गूळ चिंचेच्या दुप्पट, फोडणीला तेल, मोहरी, पाच-सहा मेथीदाणे, हिंग, कढीपत्ता, हळद, लाल तिखट, एक चमचा रस्समची पूड आणि भाजलेल्या तिळाचं कूट.

तेल नेहमीपेक्षा थोडं जास्त घ्या. फोडणी करून चिरलेली साल त्यात घाला आणि मंद आंचेवर सहा-सात मिनिटं परता. ही पायरी गाळू नका. इथं साल उकळून घ्यायची नसते, तेलात परतूनच तिचा कच्चा कडूपणा मोडतो. कडा तांबूस झाल्या, घरभर वास सुटला की चिंचेचा कोळ, वाटीभर पाणी, मीठ, तिखट, रस्सम पूड. दहा-बारा मिनिटं रटरटू द्या. साल मऊ झाली की गूळ. दाट झालं, तेल कडेला सुटलं की तिळकूट घालून उतरवा.

अक्का ब्याडगी मिरचीचं तिखट घालतात, रंग लालभडक आणि तिखटपणा बेताचा. आमच्या घरी संकेश्वरी असते, ती झणका देते. मी निम्मी-निम्मी घेते. गूळ निपाणी-संकेश्वरकडचा घरात असतोच. नसेल तर सहाव्या पायरीतला पाक घालून बघा, गुळाचा खमंगपणा येत नाही पण संत्र्याचा वास दुप्पट होतो.

पहिल्या दिवशी गोज्जू थोडा कडू लागेल. लगेच गूळ वाढवू नका. दुसऱ्या दिवशी चव बसते. फ्रीजमध्ये आठवडाभर राहतो. अक्का गरम भाताबरोबर खातात, आमच्याकडं जोंधळ्याच्या भाकरीबरोबर, वर कच्चं तेल. दोन्ही घरांत आपलंच बरोबर आहे असं मत आहे.

मोसंबीच्या सालीचा हा पदार्थ होत नाही. पांढरा भाग जास्त, तो तेल पितो आणि कडूच राहतो.

९. जे खाण्याजोगं नाही ते

*वाळलेली साल.* संत्र्याची साल सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कडक उन्हात वास उडतो. बोटांनी मोडली की "कट" आवाज आला पाहिजे, मगच मिक्सरमधून काढा. मेण नसलेल्या सालीची पूड दिवाळीच्या उटण्यात जाते. लिंबाची ओली साल मात्र चेहऱ्यावर चोळून उन्हात जाऊ नका. काळे डाग पडतात आणि महिनोन्महिने जात नाहीत.

*देवाची भांडी.* पिळलेली फोड मिठात बुडवून तांब्यापितळेवर घासा, लगेच धुवा, कोरडं पुसा. घासून तशीच ठेवली तर सकाळी हिरवी. कल्हईच्या आतल्या बाजूला लावू नका.

*फरशी पुसायचं पाणी.* आंबलेला पाक आणि मेणाची सालं इथं कामी येतात. नेहमीचं माप एक भाग गूळ, तीन भाग साल, दहा भाग पाणी. गुळाऐवजी पाक घ्यायचा तर तो दीड भाग घ्या, कारण त्यात पाणी असतं. तूप काढलेलं हवं, नाहीतर खवट वास येतो. प्लास्टिकच्या बाटलीत भरा, वर चार बोटं जागा सोडा. पहिला महिना रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, तीन महिने ठेवायचं. काचेची बाटली कधीही घेऊ नका. वायू साठला की फुटते, आणि आमची रात्री दोन वाजता ओट्याखाली फुटली होती.

तीन महिन्यांनी गाळून बादलीभर पाण्यात अर्धी वाटी घाला. सिरॅमिक टाइल्स, बाथरूम, सिंक यांना चालतं. ब्लीचिंग पावडर किंवा तसलं दुसरं काही यात कधीच मिसळू नका, विषारी वायू सुटतो.

आणि शहाबादी फरशीवर हे टाकू नका. आपल्याकडच्या जुन्या घरांत खाली शहाबादी आणि ओट्याला कडप्पा असतो. दोन्ही चुनखडीचे दगड, आंबट लागलं की वरची चमक खाल्ली जाते आणि पांढुरके डाग राहतात. संगमरवरालाही तेच. कडप्प्यावर लिंबू चिरून ठेवलेल्या जागी गोल डाग दिसतो तो याचमुळं. तो पुसून जात नाही, घासून पॉलिश करावं लागतं.

गाळून उरलेला चोथा मातीत मिसळून कढीपत्त्याच्या बुडाशी घाला, मुठीपेक्षा जास्त नको. गांडूळ खताच्या टाकीत घालू नका, गांडुळांना आंबट सोसत नाही.